खानेसुमारी, शिरगणती आणि ‘चूल’: युरोपच्या जुन्या नोंदींसाठी कोणता शब्द?

प्रश्न: युरोपातील लोकसंख्येच्या इतिहासावरील मजकूर मराठीत आणताना एक अडचण येत आहे. फ्रान्सच्या १३२८ च्या करयादीतील एककाचा शब्दशः अर्थ ‘अग्नी’ असा होतो, इंग्लंडमधील १६६२ च्या करात शेकोट्या मोजल्या आहेत आणि रशियातील जुन्या नोंदींत ‘द्वोर’, म्हणजे आवार, हे एकक आहे. या सर्वांसाठी सरसकट ‘कुटुंब’ लिहावे का?

उत्तर: सरसकट लिहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘कुटुंब’ म्हटले की मराठी वाचकाला नातेसंबंध दिसतात. जुन्या पिढीच्या बोलण्यात तर ‘आमचे कुटुंब’ म्हणजे पत्नीच. करवसुली करणाऱ्या अधिकाऱ्याला मात्र नात्याशी कर्तव्य नव्हते. एका छताखाली कोण राहते, कोण एकत्र जेवते आणि कर कोणाकडून घ्यायचा, एवढेच त्याला ठरवायचे होते. या कामासाठी आपल्याकडे अधिक नेमके शब्द आहेत. ‘पन्नास उंबऱ्यांचे गाव’ म्हणताना आपण घरे मोजतो. एका उंबऱ्याच्या आत भाऊ वेगळे झाले, तर ‘चुली वेगळ्या झाल्या’ असे म्हणतो. भारताची जनगणनाही एका स्वयंपाकघरात जेवणाऱ्यांचा गट हेच एकक मानते, जरी मराठीत त्याला ‘कुटुंब’ म्हटले जात असले तरी. म्हणून १३२८ च्या फ्रेंच यादीतील ‘अग्नी’साठी ‘चूल’ हाच शब्द योग्य आहे. येथे तो भाषांतरित वाटतही नाही.

त्या यादीत सुमारे २४ लाख ७० हजार चुली नोंदल्या आहेत, आणि मोठ्या सरदारांचे कित्येक प्रदेश तिच्यात नाहीत. दर चुलीमागे चार माणसे धरली तर नोंदलेल्या प्रदेशाची लोकसंख्या ९९ लाखांच्या आसपास येते आणि पाच धरली तर ती सव्वा कोटीच्या जवळ जाते. एका गुणकाच्या फरकाने पंचवीस लाख माणसे वाढतात किंवा कमी होतात, आणि ‘२४ लाख ७० हजार कुटुंबे’ असे लिहिले की हा सारा वाद वाचकाच्या नजरेआड होतो. शिवाय पुढे फ्रान्सच्या काही प्रांतांत ही ‘चूल’ निव्वळ हिशेबाचे एकक उरली. गावावर अमुक इतक्या चुलींचा कर बसे, प्रत्यक्षात घरे कितीही असोत. तेथे ‘करापुरती चूल’ असे लिहावे.

इंग्लंडची गोष्ट वेगळी आहे. १६६२ ते १६८९ या काळातील तो कर प्रत्येक शेकोटीमागे वर्षाला दोन शिलिंग असा होता. श्रीमंताच्या वाड्यात वीस शेकोट्या असत, गरिबाच्या झोपडीत एक, आणि अतिगरिबांना माफी होती. तेथे ‘चूल’ लिहिले तर वाड्यात वीस बिऱ्हाडे होती असा समज होईल. म्हणून ‘शेकोटी’च ठेवावी. फ्लॉरेन्सने १४२७ मध्ये केलेल्या नोंदणीत मात्र शहर आणि आसपासचा मुलूख मिळून सुमारे ६० हजार चुलींतील २ लाख ६० हजारांहून अधिक माणसांची नोंद झाली आणि त्यांना ‘तोंडे’ म्हटले गेले. प्रत्येक तोंडामागे करपात्र मालमत्तेत २०० फ्लोरिनांची (तेथील सोन्याच्या नाण्यांची) सूट मिळे. आपण ‘खाणारी तोंडे’ म्हणतो तेच हे. शब्द बदलण्याचे काहीच कारण नाही.

आता ‘कुटुंब’ या शब्दामुळे होणाऱ्या मोठ्या घोटाळ्याकडे येतो. कारखाने आले आणि युरोपातील एकत्र कुटुंबे मोडली, असे आपल्याकडे अनेकदा लिहिले जाते. इंग्लिश इतिहासकार पीटर लॅस्लेट यांनी १५७४ ते १८२१ या काळातील शंभर इंग्लिश वस्त्यांच्या याद्या तपासल्या, तेव्हा दर घरी सरासरी पावणेपाच माणसे निघाली. म्हणजे कारखान्यांच्या कितीतरी आधीपासून तेथे लग्न करणे म्हणजे वेगळी चूल मांडणे असे समीकरण होते. त्यामुळेच लग्ने उशिरा होत. मुलगी साधारण पंचविशीची होईपर्यंत थांबे आणि कित्येकांचे लग्न कधीच होत नसे. लोकसंख्याशास्त्रज्ञ जॉन हाजनल यांनी १९६५ मध्ये रशियातील सेंट पीटर्सबर्गपासून इटलीतील त्रिएस्तपर्यंत कल्पिलेल्या रेषेच्या पश्चिमेकडील हे चित्र आहे. पूर्वेकडे लग्ने लवकर होत. पश्चिमेतही अपवाद होतेच: इटलीतील तोस्काना (फ्लॉरेन्सभोवतालचा प्रांत) येथील खेड्यांत अर्धेलीने जमीन कसणारे भाऊ बायकामुलांसह एकाच चुलीवर जेवत.

त्या पावणेपाच माणसांत नोकरही धरले आहेत, हे विसरू नये. इंग्लंडमध्ये १५ ते २४ या वयाच्या तरुणांपैकी सुमारे ६० टक्के दुसऱ्याच्या घरी राहून काम करत, आणि त्या काळच्या इंग्रजीत त्या घराचा कारभारी त्यांना आपल्याच ‘फॅमिली’त मोजे. शेतावरील असा नोकर वर्षाच्या कराराने राही, म्हणून ‘सालगडी’ हा शब्द मोहात पाडतो. फरक एवढाच की आपला सालगडी पुष्कळदा संसारी असतो, तर हा अविवाहित असे आणि लग्न झाले की सहसा ते काम सोडी. तळटीप देऊन हा शब्द वापरण्यास माझी हरकत नाही.

हीच काळजी पुनर्विवाहाच्या बाबतीतही घ्यावी. सोळाव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडमध्ये लग्न करणाऱ्यांपैकी सुमारे ३० टक्के विधुर किंवा विधवा असत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे प्रमाण ११ टक्क्यांच्या आसपास उतरले. अशा पुरुषाला ‘बिजवर’ म्हणता येईल. स्त्रीच्या बाबतीत मात्र ‘पाट’ हा शब्द टाळावा, कारण त्यात दुय्यम दर्जाच्या विधीची छटा आहे आणि तेथील विधवेचा विवाह कायद्याने पहिल्याइतकाच पूर्ण मानला जाई.

शंका: प्लेगनंतर चुली निम्म्या झाल्या असे एखाद्या गावाबाबत नोंदले असेल, तर माणसे निम्मी झाली असे लिहावे का?

उत्तर: नाही. १३४७ ते १३५१ च्या साथीत काही घरे समूळ गेली, तर काहींत एखाददुसरे माणूस उरले. उरलेले नातलगांकडे गेले, अनाथ मुले दुसऱ्यांच्या चुलीवर वाढली आणि विधवा-विधुरांनी नव्याने संसार मांडले. चुली आणि माणसे एकाच प्रमाणात घटतील असा नियम नाही, म्हणून ‘चुली निम्म्यावर आल्या’ एवढेच लिहावे. रशियात तर मृत्यूशिवायही असे घडले. कर आवारावर बसत असल्यामुळे अनेकांनी एकाच आवारात राहणे पसंत केले, आणि १७१० च्या मोजणीत १६७८ पेक्षा आवारे कमी भरली. त्यात पळून गेलेले आणि मेलेले किती व एकत्र झालेले किती, हे केवळ आवारांच्या आकड्यावरून ठरत नाही.

पीटर झारने त्यानंतर आवारांऐवजी ‘जीव’ मोजण्याचा आणि त्यावर कर बसवण्याचा मार्ग धरला. आपल्याकडे ‘खानेसुमारी’ आणि ‘शिरगणती’ हे शब्द आता समानार्थी वापरले जातात, पण ‘खाना’ म्हणजे घर, आणि घरांची मोजणी ती खानेसुमारी. १३२८ ची फ्रेंच मोजणी आणि १७१० पर्यंतच्या रशियन मोजण्या यांना ‘खानेसुमारी’ म्हणावे. १७४९ पासून स्वीडनमध्ये पाद्र्यांकडून जन्म, मृत्यू आणि माणसांची संख्या वय व लिंगानुसार गोळा होऊ लागली, त्या कामाला ‘शिरगणती’ शोभते. पीटरच्या मोजणीला हा शब्द वापरताना मात्र तीत फक्त पुरुष ‘जीव’ करपात्र होते, हे त्याच वाक्यात सांगावे. नाहीतर वाचक रशियाची लोकसंख्या निम्मीच समजेल.