पूर्व मुक्त मार्ग ठाण्यापर्यंत नेताय, मग गर्दीच्या वेळी एक लेन बसला द्या

घाटकोपरकर

मुंबईतला आपला फ्रीवे, म्हणजेच पूर्व मुक्त मार्ग, आता दोन्ही टोकांना वाढतोय. दक्षिणेला ऑरेंज गेट ते मरीन ड्राइव्ह बोगद्याचं काम एमएमआरडीएने (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने) हाती घेतलंय, उत्तरेला छेडानगरपासून ठाण्यापर्यंत उन्नत रस्ता येतोय. माझी मागणी एवढीच आहे की या सगळ्या पट्ट्यात एक लेन बसगाड्यांसाठी राखीव असावी आणि तसं आत्ताच आराखड्यात लिहिलं जावं. एकदा रस्ता मोटारींनी भरला की मग कुणी हात लावू देत नाही.

१६.८ किलोमीटरचा हा रस्ता जून २०१३ मध्ये पांजरापोळपर्यंत आणि जून २०१४ मध्ये घाटकोपरपर्यंत खुला झाला. जेएनएनयूआरएम या केंद्राच्या शहर-विकास योजनेतून, म्हणजे सार्वजनिक पैशातून झाला, म्हणून टोल नाही. पण त्यावर दुचाकीला बंदी, रिक्षाला बंदी आणि बेस्टच्या गाड्या अगदी मोजक्या. करदात्यांच्या पैशातून झालेला रस्ता मोटारवाल्यांपुरता उरलाय.

हिशोब करून बघा. एका लेनमधून तासाला फार तर १८०० ते २००० मोटारी सरकतात. मोटारीमागे दीड माणूस धरला तर जास्तीत जास्त ३००० माणसं झाली. मिनिटाला एक बस सोडली आणि बसमध्ये ५० जण बसले, तरी तीच ३००० माणसं जातात, आणि लेन बरीचशी मोकळी राहते.

डायमंड गार्डन

साफ असहमत. २०१३ च्या आधी चेंबूरहून फोर्टला जाणं काय होतं ते आठवा. सायन, दादर, लालबाग, भायखळा, प्रत्येक सिग्नलला थांबत तास-दीड तास जायचा. फ्रीवेने तेच अंतर वीस-पंचवीस मिनिटांवर आणलं. रात्री-अपरात्री पेशंट घेऊन जेजेला किंवा सेंट जॉर्जला धावणाऱ्यांना विचारा या रस्त्याची किंमत.

तुमच्या हिशोबात एक गोष्ट राहिली. ऑरेंज गेट ते आणिक हा नऊ किलोमीटरांहून लांब उन्नत भाग चारपदरी आहे, म्हणजे एका बाजूला दोनच लेन. त्यातली एक बसला दिली तर अर्धा रस्ता गेला. उरलेल्या लेनमध्ये एक गाडी बंद पडली की मागे शिवडीपर्यंत रांग. दिल्लीने २००८ मध्ये बीआरटी (बसला वेगळी लेन) आणली आणि शेवटी उखडून टाकली. पुण्यात २००६ मध्ये कात्रज–स्वारगेट–हडपसर सुरू झाली, तिचे हाल पुणेकरांना विचारा.

भाऊचा धक्का

थोडा इतिहास सांगतो, कारण तो माहीत असल्याशिवाय ही चर्चा अधांतरी राहते. या रस्त्याची कल्पना साठच्या दशकातली, विल्बर स्मिथ या अमेरिकी सल्लागार कंपनीच्या अहवालातली. पन्नास वर्षं ती कागदावर राहिली. शेवटी झाली ती पोर्ट ट्रस्टच्या कडेने जागा मिळाली म्हणून. खाली आजही रे रोडला, दारूखान्याला जाऊन बघा: भंगाराचे ट्रक, लोखंडाच्या प्लेटा, फ्रीवेच्या खांबाला टेकून लावलेले ट्रेलर. अवजड वाहनांना वर बंदी, म्हणून बंदराचे ट्रक पी. डि'मेलो रोडसारख्या खालच्या रस्त्यांनीच जातात.

आणि याच रस्त्याला समांतर काय धावतं? हार्बर लाइन. शिवडी, कॉटन ग्रीन, रे रोड, डॉकयार्ड रोड. १२ डब्यांच्या गाड्या इथे आल्या त्या २०१६ मध्ये! माणसं हलवायची असतील तर पैसा हार्बरवर लावा. बसची लेन ही मलमपट्टी आहे.

शिवाजीनगर९०

तुम्ही सगळे वरून जाणारे बोलताय. मी खाली राहते, गोवंडीच्या शिवाजीनगरला. मुंबईच्या २००९ च्या मानव विकास अहवालात आमचा एम-पूर्व वॉर्ड सगळ्यात तळाला होता, आणि त्यानंतर आमच्या दारात आले ते पूल. रस्ता रुंद झाला, पण शाळेची पोरं अजून दप्तर पोटाशी धरून डंपरच्या मधून पळत ओलांडतात. दुभाजकाला जिथे फट आहे तिथूनच सगळे जातात, कारण झेब्रा पट्टे केव्हाच पुसलेत.

आमच्याकडचे बहुतेक जण फोर्टला जात नाहीत. कुणी कुर्ल्याला, कुणी अंधेरीला, कुणी इथल्याच कारखान्यात. पण ऑफिसं झाडायला-पुसायला फोर्टात जाणाऱ्या बायका खूप आहेत. गोवंडी स्टेशन गाठायलाच त्यांना शेअर रिक्षा लागते. बस शिवाजीनगर डेपोतून सुटून फ्रीवेवर चढणार असेल तर ती आमची. ठाण्याहून येऊन डोक्यावरून निघून जाणार असेल तर आम्हाला तिचा काय उपयोग?

विक्रोळीकर

ठाण्याच्या टप्प्याबद्दल एक लक्षात घ्या. महामार्गाच्या कडेची गुलाबी तबेबुयाची झाडं जाणार होती, लोकांनी आवाज उठवला आणि एमएमआरडीएला आराखड्यात बदल करावा लागला. म्हणजे आराखडा बदलता येतो. "आता काही होणार नाही" असं कुणी म्हणू नये.

घाटकोपरकर

@डायमंड गार्डन, दोन लेनचा मुद्दा वजनदार आहे, म्हणून मागणी नेमकी करतो. राखीव लेन चोवीस तास नको. सकाळी फक्त दक्षिणेकडे, संध्याकाळी फक्त उत्तरेकडे. रुग्णवाहिकेलाही तीच लेन द्या, म्हणजे तुमचा पेशंट मोटारींच्या रांगेत अडकणार नाही. दिल्ली-पुण्याची तुलना मात्र पटत नाही. तिथे चौक होते, सिग्नल होते, रस्त्याच्या मधोमध थांबा आणि तिथवर पोचायला पादचाऱ्यांची कसरत होती. फ्रीवेवर यातलं काहीच नाही. चढायच्या-उतरायच्या जागा बोटांवर मोजण्याइतक्या, तिथे कॅमेरे लावले की घुसखोर सापडतो.

@भाऊचा धक्का, हार्बर सुधारायलाच हवी, त्यात वाद नाही. पण ठाण्याहून किंवा घाटकोपरहून थेट हार्बर नाही, कुर्ल्याला गाडी बदलावी लागते. संध्याकाळी सहाला कुर्ल्याच्या त्या पुलावर उभं राहून बघा.

मला खरी काळजी आहे ती बोगद्याची. अँथनी डाउन्स या अमेरिकी अभ्यासकाने १९६२ मध्येच मांडलं होतं की गर्दीच्या वेळी नवा जलद रस्ता पुन्हा भरतो, कारण दुसऱ्या वाटेचे, दुसऱ्या वेळेचे आणि रेल्वेचेही प्रवासी तिकडे वळतात. मरीन ड्राइव्हला जाणाऱ्या मोटारी जमिनीखाली गेल्या की पी. डि'मेलो रोडवर थोडी जागा सुटेल. ती सीएसएमटीपर्यंत बससाठी आखून घेतली नाही, तर वर्ष-दोन वर्षांत तीही भरेल. त्यात जानेवारी २०२४ पासून अटल सेतूची वाहतूक शिवडीला याच फ्रीवेला मिळते आहे आणि बंदराच्या जमिनीचा विकास अजून व्हायचाच आहे.

दक्षिण कोरियातल्या सोलने चोंगेचन ओढ्यावरचा उन्नत रस्ता २००३ मध्ये पाडायला घेतला आणि २००४ मध्ये सगळी बससेवा नव्याने बांधली. आपण पाडा म्हणत नाही, एक लेन मागतोय.

डायमंड गार्डन

सोलकडे बस होत्या. आपल्याकडे बेस्टच्या स्वतःच्या गाड्या दरवर्षी कमी होतायत आणि मे २०२५ मध्ये किमान भाडं पाचाचं दहा झालं. मिनिटाला एक बस आणणार कुठून? रिकामी लेन आणि शेजारी अडकलेले शेकडो लोक, हे चित्र एक महिना टिकणार नाही. आधी गाड्या आणा. शिवाजीनगर, आणिक, वडाळा, तीन डेपो या रस्त्याजवळ आहेत. तिथून फ्रीवेमार्गे फोर्टला दर दहा मिनिटांनी बस सुरू करा, लेन न राखता. गाड्या भरून जायला लागल्या तर लेनच्या मागणीवर मीही सही करेन.

घाटकोपरकर

रांगेत अडकणारी बस भरत नाही, म्हणून ती बंद होते, आणि मग प्रवासी नाहीत असं म्हटलं जातं. बस आणि लेन एकाच दिवशी सुरू झाली पाहिजे. तीन डेपोंची सूचना मात्र उत्तम आहे, निवेदनात ती घालतो.

शिवाजीनगर९०

निवेदनात पहिली बस पहाटे साडेचारची लिहा. झाडूपोछावाल्या बायकांना साहेबांच्या आधी पोचायचं असतं. आणि डेपोसमोर रस्ता ओलांडायला सिग्नल.