विषय: अंकातील ‘चिकानो’ टीप – छपाईपूर्वी दुरुस्ती हवी

नमस्कार मंडळी,

दिवाळी अंकात कॅलिफोर्नियाच्या भित्तिचित्रांवर लेख आहे. त्याखाली अशी टीप दिली आहे : ‘चिकानो : मेक्सिकोतून अमेरिकेत आलेले स्थलांतरित. लोकसंख्या अमुक कोटी.’ जाणकारांनी रविवारपर्यंत तपासून द्यावी.
– अंक समिती

—

संपादकताई,

टिपेतली दोन्ही वाक्यं काढावी लागतील.

‘आलेले’ हा शब्दच चुकतो. २ फेब्रुवारी १८४८ च्या ग्वादालूपे इदाल्गो तहाने मेक्सिकोचा निम्म्याहून अधिक मुलूख अमेरिकेकडे गेला. तिथली माणसं जागची हललीही नव्हती, सरहद्द त्यांच्यावरून सरकली. तहाच्या आठव्या कलमाने त्यांना एक वर्षाची मुदत दिली. तेवढ्यात मेक्सिकोचं नागरिकत्व राखल्याचं कळवलं नाही, तर अमेरिकेचं स्वीकारलं असं धरलं जाणार होतं. जुन्या जमिनींच्या सनदा मान्य करणारं दहावं कलम मात्र अमेरिकन सिनेटने गाळलं. १८५१ च्या कायद्याने कॅलिफोर्नियात मालकी सिद्ध करण्याचा भार जमीनधारकावरच टाकला. ८१३ दाव्यांपैकी ६०४ मंजूर झाले, म्हणजे कागदोपत्री बहुतेक जण जिंकले. पण खटले वर्षानुवर्षं चालले आणि वकिलांची देणी भागवताना जमिनी गेल्या. पुढे रेल्वे, खाणी आणि शेतीच्या कामासाठी मेक्सिकोतून लाखो लोक आले हेही खरं, पण ती गोष्टीची एकच बाजू.

आकड्याबद्दल : २०२० च्या जनगणनेच्या अर्जात ‘मेक्सिकन, मेक्सिकन अमेरिकन, चिकानो’ अशी एकच चौकट होती. तिच्यात खूण करणाऱ्यांपैकी स्वतःला चिकानो म्हणवणारे किती, हे त्या आकड्यातून काढताच येत नाही. सबब आकडा नकोच.
– ग्रंथालय समिती

—

ग्रंथालयवाल्यांशी सहमत आहे. पण टिपेत सर्वांत महत्त्वाची गोष्ट अजून आलेली नाही : चिकानो हे स्वतः निवडलेलं नाव आहे.

शब्द बहुधा ‘मेशिकानो’ या जुन्या उच्चारातून, पुढची ‘मे’ गळून आला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तो गरीब मजुरांसाठी हिणवून वापरला जाई. त्या काळच्या मेक्सिकन अमेरिकन पुढाऱ्यांचा भर ‘आम्ही कायद्याने गोरे आहोत’ यावर होता. तो युक्तिवाद कसा उलटतो, ते १९५४ च्या हर्नान्देझ विरुद्ध टेक्सास खटल्यात दिसलं. टेक्सासच्या जॅक्सन काउंटीत २५ वर्षांत सुमारे ६,००० ज्युरी सदस्यांमध्ये मेक्सिकन आडनावाचा एकही नव्हता. राज्याचं म्हणणं असं की मेक्सिकन गोरेच, ज्युरीही गोरे, मग भेदभाव कुठला? सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळलं. कायद्याचं समान संरक्षण देणाऱ्या चौदाव्या घटनादुरुस्तीचं छत्र फक्त काळ्या-गोऱ्या भेदापुरतं नाही, असा तो निकाल.

साठच्या दशकातल्या मुलांनी गोरेपणाचा दावाच सोडला आणि शिवीसारखा वापरला जाणारा शब्द अभिमानाने उचलला. मार्च १९६८ मध्ये पूर्व लॉस एंजेलिसच्या शाळांतून हजारो विद्यार्थी वर्ग सोडून बाहेर पडले. मार्च १९६९ मध्ये डेन्व्हरच्या युवा परिषदेत आस्त्लान, म्हणजे मेक्सिकोतल्या प्राचीन आस्तेक लोकांची पुराणातली मूळभूमी, अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागाशी जोडली गेली. एप्रिलमध्ये सांता बार्बराच्या बैठकीतून विद्यापीठांत चिकानो अभ्यास विभाग काढण्याचा आराखडा आला. २९ ऑगस्ट १९७० च्या व्हिएतनाम युद्धविरोधी मोर्चाच्या दिवशी पोलिसांच्या अश्रुधुराच्या नळकांड्याने पत्रकार रुबेन सालाझार यांचा जीव घेतला.

मराठी वाचकाला हे समजावायला ‘दलित’ हा शब्द पुरेसा आहे. वरून दिलेली नावं बाजूला सारून, आपल्यावरचा अन्याय उघड सांगणारं नाव स्वतः घ्यायचं. १९७२ च्या दलित पँथरने तो शब्द कसा रस्त्यावर आणला ते आपल्याला माहीत आहे. इतिहास वेगळे आहेत, नाव घेण्यामागची जिद्द सारखी आहे.

लेखात आणखी एक चूक आहे. कॅलिफोर्नियातल्या डेलानोचा द्राक्षमळ्यांचा संप चिकानोंनी सुरू केला असं छापलंय. तो ८ सप्टेंबर १९६५ रोजी लॅरी इटलिऑंग यांच्या पुढाकाराने फिलिपिनो मजुरांनी सुरू केला. सेझार चावेझ आणि डोलोरेस वेर्ता यांची, मुख्यतः मेक्सिकन अमेरिकन शेतमजुरांची संघटना १६ सप्टेंबरला सामील झाली. फिलिपिनो मजुरांचं श्रेय अशा एका ओळीने पुसलं जातं, म्हणून ती ओळ बदलाच.
– व्याख्यानमाला गट

—

आभार. दोन शंका. चित्रकर्तीला काय लिहावं? आणि एल साल्वादोरच्या चित्रकाराला चिकानो म्हणता येईल का?
– अंक समिती

—

स्त्रीसाठी ‘चिकाना’. साल्वादोरच्या चित्रकाराला चिकानो लिहू नका, तो शब्द मेक्सिकन वारशाशी बांधलेला आहे. तिथे ‘लॅटिनो’ (लॅटिन अमेरिकी वंशाचा) चालेल. मेक्सिकन वंशाच्या प्रत्येकालाही तो परस्पर लावू नका. काहींना आंदोलनाचा अर्थ नको असतो, नुकत्याच आलेल्यांना तो आपला वाटत नाही. चित्रकार स्वतःच्या परिचयात जो शब्द वापरतात, तोच छापा.

टीप अशी करावी : ‘चिकानो/चिकाना : अमेरिकेतील मेक्सिकन वंशाच्या काही लोकांनी, विशेषतः १९६० च्या दशकातील हक्कांच्या चळवळीपासून, स्वतःसाठी स्वीकारलेलं नाव.’ सॅन डिएगोच्या चिकानो पार्कचं छायाचित्र छापणार असाल, तर खाली २२ एप्रिल १९७० ही तारीख घाला. पुलाखालच्या त्या जागेवर पोलिसांचं ठाणं होणार हे कळल्यावर रहिवाशांनी त्या दिवशी ती ताब्यात घेतली. खांबांवरची चित्रं नंतरची आहेत.
– ग्रंथालय समिती