चर्चच्या जुन्या नोंदवह्या टाइप करून सगळ्यांसाठी खुल्या कराव्यात का?

थेम्सकाठी (धागाकर्ता)

इंग्लंडात १५३८ साली थॉमस क्रॉमवेलने हुकूम काढला, की प्रत्येक पॅरिशने, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या धर्मग्रामाने, बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची वही ठेवायची. त्यातल्या बऱ्याच वह्या आजही शाबूत आहेत. १९७८ च्या नियमामुळे जुन्या वह्या आता बहुतेक अभिलेखागारांत असतात आणि कुणालाही बघता येतात. पण नोंदी तारखेवार असल्यामुळे एक नाव शोधायला अख्खी वही चाळावी लागते. म्हणून 'फ्रीरेग' नावाचा उपक्रम चालतो. स्वयंसेवक पानांची छायाचित्रं बघून ओळ न् ओळ टाइप करतात आणि शोध सगळ्यांना फुकट. मीही संध्याकाळी तेच करत बसतो. ज्यांच्याशी माझं काडीचं नातं नाही अशा नॉर्फकच्या शेतमजुरांची बारशी आणि मयती मी उतरवल्या आहेत.

माझं म्हणणं असं, की हेच काम वसई, उत्तन, वांद्रे, साष्टी, बार्देश इथल्या चर्चमध्ये व्हावं. कॅथलिक चर्चमध्ये लग्नाची वही ठेवणं ट्रेंटच्या परिषदेने १५६३ मध्ये सक्तीचं केलं, म्हणजे परंपरा तितकीच जुनी आहे. आपल्याकडे वंशावळ म्हटलं की कुळवृत्तांत आठवतो. त्यात वतनदार आणि हुद्देदार, आणि मुलीच्या नावापुढे ती कुठे दिली तेवढं. पॅरिशच्या वहीत जो जन्मला तो लिहिला, मग तो मीठागरावरचा मजूर का असेना. शंभर वर्षांपूर्वीच्या नोंदी टाइप करा, शोध फुकट ठेवा. हरकत असेल तर सांगा.

आगाशीकर

हरकत आहे. मी धर्मग्रामाच्या कार्यालयात मदत करतो, वह्या हाताळतो.

तुम्ही बाप्तिस्म्याच्या वहीला जुनं कागदपत्र समजताय, पण ती चालू वही आहे. १९०८ पासूनच्या नियमाने माणसाचं लग्न कुठेही लागो, त्याची नोंद त्याच्या बाप्तिस्म्याच्या ओळीशेजारी समासात येते. लग्न रद्दबातल ठरलं तर तेही तिथेच. कुणी फादर झाला, कुणाला नंतर औरस ठरवलं, सगळं समासात. म्हणजे १९२० च्या ओळीशेजारी १९६५ चं दुखणं लिहिलेलं असू शकतं. तुमची शंभर वर्षं मोजायची कुठून?

आणि नॉर्फकमध्ये तुम्ही कुणालाच ओळखत नाही, म्हणून हात चालतो. आमच्याकडे ज्या ओळीत बापाचं नाव नाही, त्या बाळाची नात माझ्या मागच्या बाकावर बसून मिस्सा ऐकते.

थेम्सकाठी

समास टाइप करू नये. मुलाचं नाव, आईबाप, गाव, तारीख एवढंच घ्यावं. आणि इथल्या कायद्याचं म्हणाल तर ब्रिटनचा डेटा संरक्षण कायदा मेलेल्यांना लागूच होत नाही.

आगाशीकर

कायदा नाही लागू होत, नात होते. आणि टाइप करणाऱ्यापुढे पान तर अख्खंच येणार ना? की समासावर पट्टी चिकटवून देणार?

वांद्रेकर

थेम्सकाठींना पाठिंबा. मुंबईत १९२८ पर्यंत पाद्रोआदो आणि प्रोपगंडा अशी चर्चची दुहेरी सत्ता होती. एकाच वाडीतली काही घरं पोर्तुगीज फादरांकडे, काही रोमच्या फादरांकडे. भांडण झालं की घर या चर्चमधून उठून त्या चर्चमध्ये. आमच्या पणजोबांचा बाप्तिस्मा एकीकडे आणि लग्न दुसरीकडे. एकत्र सूची असती तर घरच्यांची पायपीट वाचली असती.

फुकटचा_हमाल

आयडीच माझं मत सांगतो, तरी सविस्तर लिहितो.

फुकट दिलेलं काम फुकट राहत नाही. 'रूट्सवेब' हौशी लोकांनी उभं केलं, २००० मध्ये ते 'ॲन्सेस्ट्री' या वंशावळीच्या धंद्यातल्या कंपनीच्या मालकांकडे गेलं. 'फाइंड अ ग्रेव्ह'वर लोक स्वतःच्या पेट्रोलने कबरस्तानात जाऊन फोटो काढत, २०१३ मध्ये तेही ॲन्सेस्ट्रीने घेतलं. आणि २०२० मध्ये ब्लॅकस्टोन या गुंतवणूक कंपनीने अख्खी ॲन्सेस्ट्रीच ४.७ अब्ज डॉलरला उचलली. फोटो काढणाऱ्यांना काय मिळालं ते विचारू नका. फाइंड अ ग्रेव्हवरचा शोध आजही फुकट आहे हे मान्य, पण उद्या तो तसाच ठेवायचा की नाही हे ठरवणारा कुणी तिसराच.

राहिलं 'फॅमिलीसर्च' हे वंशावळीचं संकेतस्थळ. पैसे घेत नाहीत, पण मागे मॉर्मन चर्च आहे आणि त्यांच्यात मेलेल्या माणसाच्या नावानेही बाप्तिस्मा करतात. होलोकॉस्टमध्ये मारल्या गेलेल्या ज्यूंची नावं त्यात निघाली, तेव्हा १९९५ मध्ये त्यांना करार करून ती थांबवायचं कबूल करावं लागलं. याच कारणावरून २००८ मध्ये व्हॅटिकनने जगभरच्या बिशपांना कळवलं, की आपल्या वह्या त्यांना द्यायच्या नाहीत. तेव्हा आगाशीकरांचा संशय गावठी नाही.

थेम्सकाठी

फ्रीरेग धर्मादाय संस्थेकडे आहे, कंपनीकडे नाही. मॉर्मनांचं म्हणाल तर त्यांचा विधी मलाही पटत नाही, पण त्यांनी १९३८ पासून कित्येक वर्षं मायक्रोफिल्म काढल्या आणि त्या फिल्म युटामध्ये डोंगर पोखरून केलेल्या तिजोरीत आहेत. कोकणातल्या पावसात लाकडी कपाटात काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे. वाळवीला व्हॅटिकनचं पत्र कोण वाचून दाखवणार?

फुकटचा_हमाल

वाळवीवर उपाय छायाचित्र काढून ठेवणं हा आहे. ते जगाला वाटणं हा वेगळा प्रश्न. दोन्ही एकत्र बांधून विकू नका.

सासष्टीकर

गोव्यातून. इथे वंशावळीची हौस कमी आणि गरज जास्त. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी इथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना लिस्बनमध्ये जन्म नोंदवून पोर्तुगीज नागरिकत्व मिळवता येतं. आजोबा फार जुने असले की चर्चच्या वहीपर्यंत मागे जावं लागतं, आणि तिथे एजंट उभा असतो. कुठल्या गावच्या कुठल्या वहीत नाव आहे, एवढं सांगायचेच तो पैसे घेतो. सूची खुली झाली तर त्याचं दुकान बसेल, म्हणून मी बाजूने.

फक्त टाइप केलेली ओळ म्हणजे दाखला नव्हे, हे तिथे मोठ्या अक्षरात लिहा. नाहीतर लोक छापून घेऊन वकिलातीत जातील.

मोडीवेडा

'जो जन्मला तो लिहिला' हे जरा सैल विधान आहे. इंग्लंडातच १७८३ ते १७९४ या काळात प्रत्येक नोंदीमागे तीन पेन्स कर होता. कंगालांना माफी होती. बाकीच्यांतले काही कर चुकवायला बारसंच पुढे ढकलत, काही कंगाल म्हणून नाव लावून घेत. तेव्हा वही म्हणजे शिरगणती नव्हे.

माझी खरी भीती वाचनाची आहे. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला. गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदींत एका अक्षराच्या वळणावर कुणाचं तरी प्रमाणपत्र अडलेलं असतं, आणि समोरचा माणूस आशेने बघत असतो. अशा वेळी डोळ्याला जे हवं तेच दिसतं. वंशावळीतही तसंच. आपला पूर्वज सापडावा म्हणून बसलेल्या माणसाला प्रत्येक फ्रान्सिस आपलाच वाटतो.

पोर्तुगीज वह्यांत तर नावं आखडून लिहिलेली असतात, फ्रान्सिस्कू, आंतोनियू, मारिया यांची दोन-तीन अक्षरं आणि वर एक शेपूट. सूझाचं स्पेलिंग कधी झेडने, कधी एसने. हौशी माणूस ते 'दुरुस्त' करून टाकतो आणि मूळ रूप गेलं ते गेलंच. इंग्रजी वह्यांत आणखी एक खड्डा. १७५२ पूर्वी तिथलं वर्ष २५ मार्चला सुरू होई, त्यामुळे फेब्रुवारीतलं दफन आजच्या हिशेबाने पुढच्या वर्षातलं. नवशिका तिथे हमखास पडतो.

थेम्सकाठी

म्हणूनच तिथे नियम आहे, जसं दिसतं तसं लिहा. न लागलेल्या एका अक्षरासाठी खालची रेघ, जास्त अक्षरांसाठी तारा, अशा खुणा ठरलेल्या आहेत. फॅमिलीसर्चमध्ये पूर्वी एकच पान दोघं स्वतंत्रपणे टाइप करत आणि जमलं नाही तिथे तिसरा निवाडा देई. मला ती पद्धत जास्त आवडते.

बटणदाबू

इतका खल कशाला? ट्रान्सक्रिबससारखी साधनं हस्ताक्षर वाचतात. फॅमिलीसर्चनेही २०२४ पासून यंत्राने वाचलेल्या मजकुरात थेट शोध सुरू केलाय. स्वयंसेवक घरी जाऊन झोपू देत.

मोडीवेडा

यंत्राला शिकवायला आधी माणसाने उतरवलेली पानंच लागतात. एकोणिसाव्या शतकातल्या वसईच्या फादरचं अक्षर त्याला कुणी दाखवलंय? आणि माणूस निदान अडतो, तारा टाकतो. यंत्र बेधडक नाव ठोकून देतं.

कॅम्पातली

सगळे वह्यांच्या मालकीवर बोलताय, रकान्यांवर कुणीच नाही.

मुंबई इलाख्यातल्या इंग्रजी चर्चच्या नोंदींच्या प्रती दर वर्षी लंडनला जात, त्या आता ब्रिटिश लायब्ररीत आहेत. १७०९ पासूनच्या. 'फिबिस' ही १९९८ ची संस्था, तिचे स्वयंसेवक असल्या नोंदींच्या सूच्या बनवून फुकट देतात. पुणे, खडकी, नगर इथल्या छावण्यांतल्या गोऱ्या शिपायांची मुलं त्यात आहेत. बापाचं नाव, हुद्दा, पलटण सगळं व्यवस्थित. आईच्या जागी कित्येकदा नुसतं 'नेटिव्ह बाई', किंवा बाप्तिस्म्यात दिलेलं एखादं मेरी. ती कुठल्या गावची, कुणाची लेक, काही नाही. बहुतेकींचं माहेर इथलंच असणार.

आता टाइप करणाऱ्याने काय करावं? बहुतेक शोध आडनावावर चालतात आणि या बायांना आडनावच नाही. बाप एका क्षणात सापडतो, आई शोधायला पुन्हा अख्खी वही चाळावी लागते. म्हणजे फादरने एकदा गाळली आणि सूचीने दुसऱ्यांदा. मूळ वहीत नसलेलं लिहा असं मी म्हणत नाही. पण 'आई: नाव दिलेलं नाही' अशा सगळ्या ओळी एकत्र काढता येतील असा रकाना तर करा. आगाशीकर म्हणतात तसं झाकून ठेवलं, तर या बायांना विचारणारंही कुणी उरणार नाही.

आगाशीकर

कॅम्पातली ताई, तुमचं पटतं, तरी माझ्या वहीला लागू होत नाही. त्या बायांना शोधणारं माणूस तुमच्यासारखं दूरचं. आमच्याकडे शोधणारा शेजारी असतो आणि जमिनीचा दावा चालू असतो.

एक मात्र करता येईल. दफनाच्या वह्या. मेलेल्या माणसाच्या ओळीशेजारी समासात पुढे काही वाढत नाही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, तेव्हाची पानं तर टाइप व्हायलाच हवीत. वांद्र्याच्या गल्ल्यांत प्लेगच्या वेळचे क्रूस उभे आहेत, पण त्या क्रुसांमागची नावं वहीत आहेत. १९०० पर्यंतची दफनं मी फादरांपुढे मांडायला तयार आहे. बाप्तिस्मे नाहीत.

कॅम्पातली

दफनाच्या वहीत बाई 'अमक्याची बायको' म्हणून येते. पुन्हा तेच. तरी सुरुवात म्हणून चालेल.

थेम्सकाठी

मान्य. पानांची छायाचित्रं मला पाठवा, इथे टाइप करणारी माणसं मी जमवतो.

आगाशीकर

पाठवणार नाही. टाइपिंग धर्मग्रामाच्या कार्यालयात होईल, आमच्या पोरांकडून, आणि प्रत आमच्याकडे राहील. पोर्तुगीज वाचणारं कुणी असेल तर चार रविवार येऊन त्यांना शिकवा. चहा आमचा.

फुकटचा_हमाल

आणि ती सूची पुढे कुणालाही विकता येणार नाही, हे लेखी हवं. मसुदा कोण लिहितंय?

सासष्टीकर

पोर्तुगीज मी शिकवीन. मसुद्याला वकील शोधा, एजंट नको.