एसी बसवला आणि भिंतीचा पोपडा निघाला

प्रश्न: सिंहगड रोडला फ्लॅट आहे. परवा एसी बसवताना ड्रिलने बेडरूमच्या भिंतीचा तळहाताएवढा तुकडा निघाला. "किरकोळ आहे" म्हणून मंडळी पसार. आत पांढरं पिठासारखं दिसतंय. पेंटर म्हणतो, अख्खी खोली रंगवा. एवढ्याशासाठी?

उत्तर १: नखाने खरवडलं जातंय ना? मग जिप्सम प्लास्टर असणार. त्यावर सिमेंट थापू नका, नीट धरत नाही. सैल कडा काढा, धूळ झाडा, पाण्याचा हात फिरवा आणि पीओपीने भरा. वाटीभरच कालवा, बघता बघता दगड होतो. (आमच्याकडे एक स्टीलची वाटी तशीच पडून आहे, बायको अजून दाखवते.) पूर्ण वाळल्यावर वरून पुट्टीचा पातळ हात, १८० नंबरचा पॉलिश पेपर, मग प्रायमर. प्रायमर गाळलात तर डाग उठून दिसेल.

उत्तर २: खोली नको, पण ती एक भिंत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रंगवा. जुन्या रंगात ठिगळ लपत नाही. आणि पाइपचं भोक बाहेरून बुजवलंय का बघा, नाहीतर पावसाळ्यात तिथूनच ओल येईल.

प्रश्नकर्ता: भोक उघडंच आहे! रविवारी आधी तेच करतो. वाटी प्लास्टिकची घेतोय.