क्लाउडवरील खासगी फायलींची किल्ली स्वतःकडे कशी ठेवावी? मदत हवी आहे

नमस्कार. वडिलांचे वैद्यकीय अहवाल, घराची कागदपत्रे आणि कुटुंबाची छायाचित्रे असा सुमारे ४० जीबीचा संग्रह मी क्लाउडवर ठेवला आहे. एका नातेवाइकाला अहवाल पाहण्यासाठी पाठवलेली लिंक गेल्या आठवड्यात मी लॉग-इन न करता दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडून पाहिली, तेव्हा त्या एका अहवालाऐवजी अख्खे फोल्डर समोर आले आणि तेव्हापासून मनाला स्वस्थता नाही. लिंक लगेच बंद केली, द्विस्तरीय पडताळणीही सुरू केली.

मूळ प्रश्न मात्र उरतोच. बहुतेक सेवा फायली एन्क्रिप्ट करून, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या रूपात बदलून ठेवत असल्या, तरी किल्ली त्यांच्याच ताब्यात असते. म्हणून फायली आपल्या संगणकावरच कुलूपबंद करून मग चढवाव्यात, असे मला वाटते. यासाठीचे क्रिप्टोमेटर हे अ‍ॅप प्रत्येक फाइल २५६ बिटांच्या एईएस या प्रमाणित एन्क्रिप्शन पद्धतीने स्वतंत्रपणे एन्क्रिप्ट करते आणि नावेही झाकते. फायलींची संख्या, अंदाजे आकार व बदलाची वेळ मात्र बाहेरून दिसते. व्हेराक्रिप्ट या दुसऱ्या अ‍ॅपच्या एकाच मोठ्या कंटेनरमध्ये (सगळ्या फायली सामावणाऱ्या एका कुलूपबंद फाइलमध्ये) तेही झाकले जाते, पण अनेक सेवांवर छोट्या बदलासाठीही संपूर्ण कंटेनर पुन्हा चढवावा लागतो. माझा कल पहिल्याकडे आहे.

हे नियमित वापरणाऱ्यांनी कृपया सांगावे: फोनवरून रोजचे काम सुरळीत चालते का? पासवर्ड विसरल्यास कामी येणारी रिकव्हरी-की आपण कुठे जपून ठेवता? आणि आधी उघड्याच चढवलेल्या फायली काढताना कचरापेटी व जुन्या आवृत्त्यांतूनही त्या कायमच्या गेल्याची खात्री कशी करता?