बुडापेस्टच्या रात्री: दोन-तीन दिवसांच्या सहलीचे तुमचे अनुभव

बुडापेस्टहून परतल्यापासून ओळखीपाळखीतले लोक एकच प्रश्न विचारतात: दोन-तीन दिवसांत तिथे काय काय पाहून होईल? मी त्यांना उलट विचारते, की तुमच्या हाती रात्री किती आहेत? डॅन्यूबच्या दोन तीरांवरची बुडा, ओबुडा आणि पेस्ट ही गावे १८७३ साली एक होऊन झालेले हे शहर दिवसाही देखणे आहे. पण त्याची खरी ओळख दिवेलागणीनंतर होते, असे माझे ठाम मत आहे. आम्ही पहिला दिवस संग्रहालयांच्या रांगांमध्ये घालवला, रात्री आठलाच हॉटेलवर जाऊन झोपलो आणि ती एक रात्र गमावल्याची रुखरुख आजही आहे. म्हणून हा धागा. तुम्ही तिथली संध्याकाळ आणि रात्र कशी घालवलीत, सोबत कोण होते, काय साधले आणि काय फसले, ते सविस्तर लिहावे.

पुणे, वडिलांसह, डिसेंबर

आमचे वडील त्र्याहत्तर वर्षांचे, गुडघ्यांचे दुखणे जुने, त्यामुळे रात्रीची पायपीट शक्यच नव्हती. डिसेंबरात तिथे चारच्या आत सूर्य मावळतो, ही गोष्ट उलट आमच्या पथ्यावर पडली. साडेचारला आम्ही २ क्रमांकाच्या ट्राममध्ये बसलो. ही ट्राम पेस्टच्या बाजूने नदीकाठाने जाते आणि साध्या तिकिटात संसद भवन, साखळी पूल, पलीकडच्या टेकडीवरचा राजवाडा असे सगळे उजळलेले शहर खिडकीतून दिसते. आम्ही एका टोकाहून दुसऱ्या टोकाला दोनदा गेलो.

वडील बांधकाम खात्यात अभियंता होते. साखळी पूल १८४९ साली खुला झाला, १९४५ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने तो उडवला आणि बरोबर शंभर वर्षांनी, १९४९ साली, तो पुन्हा उभा राहिला, हे त्यांनी घरून निघण्यापूर्वीच वाचून ठेवले होते. संसदेचा घुमट ९६ मीटर उंच का, हेही त्यांनीच मला सांगितले: मग्यार, म्हणजे हंगेरियन, लोक या प्रदेशात आले ते साल ८९६ मानतात, त्याची ही खूण. सेंट स्टीफनच्या चर्चची उंचीही तेवढीच आहे.

संसदेपासून साखळी पुलाकडे चालताना, अगदी पाण्याच्या कडेला, लोखंडी बुटांचे साठ जोड मांडलेले आहेत. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हंगेरीतल्या फॅसिस्ट सशस्त्र टोळ्यांनी ज्यू नागरिकांना इथे काठावर उभे केले, पायातले बूट काढायला लावले आणि गोळ्या घालून नदीत ढकलले. २००५ साली हे स्मारक झाले. त्यांत उंच टाचांचे बूट आहेत, कामगारांचे आहेत, लहान मुलांचेही आहेत. एका चिमुकल्या बुटात पाणी साचून गोठले होते आणि त्या बर्फात कुणीतरी ठेवलेले फूल अडकले होते. वडील थांबले आणि वाकून आपल्या बुटांचे बंद सोडू लागले. थंडी शून्याखाली होती म्हणून मी त्यांना अडवू लागलो, तर ते म्हणाले, ‘‘इथे पायताण घालून उभे राहायचे नाही रे.’’ ते मिनिटभर मोज्यांवरच उभे होते. त्या सहलीतले इतर फोटो मी क्वचितच पाहतो. हा प्रसंग मात्र फोटोशिवाय जसाच्या तसा आठवतो.

नाशिक

पैशांबद्दल थोडक्यात लिहितो. हंगेरी युरोपीय संघात असला तरी तिथले चलन फोरिंट आहे. यंत्रातून पैसे काढताना ‘तुमच्या चलनात रूपांतर करू का’ असे विचारले जाते. तिथे नकार द्यावा आणि व्यवहार फोरिंटमध्येच करावा. आम्ही घाईत होकार दिला आणि तो बराच महागात पडला.

नागपूर, तिघी मैत्रिणी

आम्हा तिघींपैकी दोघी मद्य घेत नाहीत, तरीही ‘रुइन बार’, म्हणजे पडक्या वाड्यांत थाटलेले बार, पाहायचेच असे ठरवले होते. एर्झेबेतवारोश म्हणजे शहराचा सातवा विभाग, जुनी ज्यू वस्ती. १८५९ साली बांधलेले दोहान्य रस्त्यावरचे भव्य सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ, इथेच आहे आणि १९४४ साली याच गल्ल्यांभोवती घेटोची, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवण्याच्या वस्तीची, भिंत उभी राहिली. युद्धानंतर वस्ती ओस पडत गेली, वाडे मोडकळीला आले. २००२ साली काही तरुणांनी अशा पडक्या जागेत ‘सिम्प्ला कर्ट’ सुरू केले आणि दोन वर्षांनी ते काझिन्त्सी रस्त्यावरच्या आजच्या जागेत आले. पुढे त्याचे पाहून आसपास असे कितीतरी बार उघडले.

पुण्यातल्या जुन्या वाड्याचा चौक डोळ्यांपुढे आणा: मध्ये मोकळे अंगण, भोवती खोल्या, वर सज्जा. भिंतींचा गिलावा पडलेला तसाच ठेवला आहे, एकासारखी दुसरी खुर्ची नाही, कापलेल्या बाथटबचे बाक केले आहेत आणि अंगणात पूर्व जर्मनीच्या जुन्या ट्राबांट मोटारीत बसून लोक गप्पा मारतात. आम्ही सातच्या सुमारास गेलो, म्हणून निवांत बसायला मिळाले. अकरानंतर तिथे पाय ठेवायला जागा नसते. एल्डर फुलांच्या अर्काचे सरबत आम्हा दोघींना फार आवडले, तर तिसरीने वाइनमध्ये सोडा घालून केलेले ‘फ्रोच’ घेतले. मद्य न घेणाऱ्यांकडे कुणी वळूनही पाहत नाही. रविवारी सकाळी याच अंगणात शेतकऱ्यांचा बाजार भरतो. आदल्या रात्री जिथे गाणे चालू होते, तिथे एक आजी मध आणि लोणच्याच्या बरण्या मांडून बसल्या होत्या.

बुडापेस्ट, नोकरीनिमित्त चार वर्षे वास्तव्य

नागपूरच्या ताईंनी छान लिहिले आहे. त्याला जोडून एक कळकळीची विनंती. मी याच सातव्या विभागात तिसऱ्या मजल्यावर राहतो. या वाड्यांमध्ये खाली बार असले तरी वर संसार आहेत, सकाळी शाळेत जाणारी मुले आहेत. आतल्या चौकात मोठ्याने बोललेला शब्द चारही भिंतींवर आपटून वर येतो. पाहुण्यांनी बारमधून बाहेर पडताना आवाज आवरावा, एवढेच मागणे आहे.

दुसरी गोष्ट वाची रस्त्याच्या परिसराची. एकट्या-दुकट्या पुरुषाला अनोळखी तरुणी गोड बोलून ‘इथे जवळच बसू’ म्हणून घेऊन जातात आणि चार पेल्यांचे बिल अवाच्या सवा येते. माझ्या मित्राबरोबर हे घडले आहे. ज्या मेन्यूवर किंमत छापलेली नाही, तिथे बसू नये. रात्री परतण्याची चिंता मात्र करू नका: मोठ्या वर्तुळमार्गावरची ६ क्रमांकाची ट्राम रात्रभर धावते. कागदी तिकीट यंत्रात टोचून घ्यायला विसरू नका. नुसते खिशात असून चालत नाही, दंड होतो.

चिपळूण; आईसह

गरम पाण्याच्या स्नानगृहांबद्दल अजून कुणी लिहिले नाही, म्हणून लिहिते. आमची आई राजापूरची. सर्वांसमक्ष पोहण्याच्या पोशाखात उतरायचे म्हणून ती आधी तयार नव्हती. पोहण्याच्या कापडाचा पूर्ण बाह्यांचा सदरा आणि लांब विजार चालते, हे मी आगाऊ विचारून घेतले होते. जानेवारीतल्या एका संध्याकाळी, १९१३ साली सुरू झालेल्या सेचेन्यी स्नानगृहात आम्ही गेलो. भोवती पिवळ्या रंगाची महालासारखी इमारत, मध्ये उघड्यावर कुंड, आणि वाफ इतकी, की शेजारचा माणूस नुसता आवाजावरून कळावा. छातीएवढ्या पाण्यात दोन वयस्क गृहस्थ बुद्धिबळ खेळत होते. आईने पाय बुडवला, पायरीवर बसली आणि म्हणाली, ‘‘अगो, ही तर आमची उन्हाळीच!’’ राजापूरच्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर ती लहानपणी आजीसोबत जात असे. मग तासभर ती आजीबद्दलच बोलत राहिली. त्यातले निम्मे मी त्याआधी कधी ऐकलेले नव्हते.

ज्यांना आणखी उशिरा जायचे असेल त्यांनी रुदाश स्नानगृहाची चौकशी करावी. तुर्कांच्या राजवटीत, सोळाव्या शतकात बांधलेल्या घुमटाखाली तिथे अष्टकोनी कुंड आहे, आणि आम्ही गेलो तेव्हा शुक्रवार-शनिवारी ते मध्यरात्रीनंतरही उघडे असे.

मुंबई, जून

पुण्याच्या काकांना डिसेंबरात चारलाच दिवे पाहायला मिळाले. जूनमध्ये मात्र नऊपर्यंत उजेड असतो, तेव्हा जेवण आधी उरकून घ्यावे. आम्ही बाजारातून पाव, चीज आणि चेरी घेतल्या आणि हिरव्या स्वातंत्र्य पुलावर गेलो. १८९६ साली बांधलेल्या या पुलाच्या लोखंडी कडांवर उन्हाळ्यात तरुण मंडळी रांगेने बसलेली असतात. शेजारच्या मुलीने सरकून आम्हाला जागा दिली, आम्ही तिला चेरी दिल्या. समोर गेलेर्त टेकडी हळूहळू काळी होत गेली, दिवे लागले, आणि मागून ट्राम गेली की बसल्या जागी पूल हलकासा थरथरत होता.