दीडशेची ओबीएम, पन्नास हजारांचं बजेट: पैसे इंजिनात घालायचे की पंख्यात (प्रोपेलरमध्ये)?

शिवसागरकाठ (धागाकर्ता)

कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयावर, तापोळा-बामणोली भागात बोटी वाढल्यात. मुनावळ्याला 2024 मध्ये एमटीडीसीचं जलपर्यटन केंद्र सुरू झाल्यापासून तर जो तो मोठ्या इंजिनाच्या मागे लागलाय. मीही घेतलं. अलिबागकडून सेकंडहँड, मर्क्युरीचं 3 लिटरचं फोर-स्ट्रोक ओबीएम (आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन), 150 एचपी. बोट फायबरची, 21 फुटी, ट्रान्समच्या (इंजिन बसतं ती मागची फळी) प्लेटवर एवढी ताकद लिहिलेली आहे, म्हणजे त्या बाबतीत शंका नको.

अडचण अशी. दहा माणसं बसवून थ्रॉटल पूर्ण दिला तरी आरपीएम 4600 च्या वर जात नाही. मॅन्युअलप्रमाणे फुल थ्रॉटलला 5000 ते 5800 पाहिजे. जीपीएसवर वेग ताशी 52 किमी. पंखा अ‍ॅल्युमिनियमचा, 19 इंच पिचचा, म्हणजे एका फेऱ्यात हिशोबानं बोट 19 इंच पुढं ढकलणारा. बोट पाण्यावर उचलायला इतका वेळ घेते की मागच्या बाकावरच्यांना नुसतं बोटीचं नाक आणि आभाळ दिसतं.

बजेट पन्नास हजार. जो भेटतो तो म्हणतो ईसीयू रिमॅप कर, म्हणजे इंजिनाच्या कंप्युटरमधली सेटिंग बदल. माझं मत साफ उलटं आहे. पन्नास हजारांत मिळणारी ताकद इंजिनाच्या टोपणाखाली नाही, पाण्याखाली आहे. 19 चा पंखा काढून 15 चा लावायचा, इंजिन ट्रान्समवर एक भोक वर घ्यायचं, बस्स. पिच एक इंच उतरवली की साधारण 150 ते 200 आरपीएम वाढतात. चार इंच उतरवले की मी 5300-5400 वर येतो.

अलिबागला हेच इंजिन हाच पंखा घेऊन नीट पळत होतं. तिथं समुद्रसपाटी आणि बोटीत चार माणसं. इथं धरण भरलं की पाण्याची पातळी 659 मीटर, म्हणजे 2163 फूट. हवा विरळ.

पटत नसेल तर खोडून काढा.

स्पीडगुरू_सातारा

हवा विरळ? दादा, तापोळा काय लेह आहे का? 😀

मी सातारा एमआयडीसीत गाड्यांचं ट्यूनिंग करतो, बोटीचं म्हणून वेगळं काही नसतं. इंजिन ते इंजिन. कंपन्या एकाच ब्लॉकवर तीन-तीन एचपी विकतात. मर्क्युरीचंच बघा, 75, 90 आणि 115, तिन्हींना तोच 2.1 लिटरचा ब्लॉक. म्हणजे लोखंडात ताकद असते, कंपनी ती दाबून ठेवते. रिमॅप म्हणजे ती मोकळी करणं. इग्निशन थोडं पुढं (ठिणगी जरा आधी), फ्युएल मॅप सुधारून, रेव्ह लिमिटर (आरपीएमची कमाल मर्यादा) वर. पन्नास हजारांच्या आत काम होतं. पंखा बदलून तुम्ही ताकद वाढवत नाही, नुसती इकडची तिकडं करता.

शिवसागरकाठ

लेह नाही, पण हिशोब करा. साध्या, टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांमागे साधारण 3 टक्के घटते. 2163 फुटांवर साडेसहा टक्के धरा. माझं दीडशेचं इंजिन इथं 140 चं झालं. एप्रिलच्या उन्हात अजून कमी. त्या 140 च्या मानेवर समुद्रावरचा 19 चा पंखा, वर दहा माणसं. आरपीएम 4600 ला अडकणार नाही तर काय होणार?

आणि इकडची तिकडं करतो हे मान्यच आहे, तेच तर करायचंय. ट्रॅक्टर भरल्या ट्रॉलीसकट घाटात चौथ्या गिअरला घातला तर इंजिन बदलायचं की गिअर उतरवायचा?

ब्लॉक एकच असतो हेही खरं. पण तुमचं उदाहरण 115 वर संपतं. माझा ब्लॉक वेगळा आहे आणि तो आधीच 150 देतोय.

वाळव्याचा_फिटर

स्पीडगुरू, इंजिन ते इंजिन न्हाय ओ. गाडीला फुल थ्रॉटल किती वेळ बसतो? ओव्हरटेक करताना दहा-पंधरा सेकंद. मग उतार येतो, सिग्नल येतो. पाण्यात उतार हाय का कुठं? बोटीचं इंजिन तासन्‌तास वझ्याखाली असतं. इग्निशन पुढं घेतलेलं गाडीत खपून जाईल, बोटीत पिस्टनला भोक पडंल.

आन आता आपल्या पंपावरचं पेट्रोल बघा. 20 टक्के इथेनॉल. आमच्याच ऊसवाल्यांची कृपा, तक्रार न्हाय, कारखाना जगला पायजे. पण बहुतेक आउटबोर्ड कंपन्या 10 टक्क्यांपर्यंतच चालंल म्हणून लिहून देतात. इथेनॉल जास्त झालं आन इंजिनाला एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर नसला, तर मिश्रण आपोआप पातळ होतंय. पातळ मिश्रण, त्यात इग्निशन पुढं, वर दहा माणसं. मग भोकाची वाट बघायची.

त्या पैशातलं दोन-तीन हजार काढून पाणी वेगळं करणारा 10 मायक्रॉनचा फिल्टर बसवा आधी. इथेनॉल हवंतलं पाणी ओढतंय. बोट पंधरा दिवस उभी ऱ्हायली की टाकीच्या तळाला पाणी आन स्पिरिट, वर पेट्रोल.

स्पीडगुरू_सातारा

पातळ होतंय म्हणूनच रिमॅप पाहिजे, फिटर काका! 20 टक्क्यांच्या पेट्रोलसाठी इंधन वाढवून मॅप करता येतो. तुम्ही माझ्याच बाजूनं बोलताय.

वाळव्याचा_फिटर

इंधन वाढवायला मॅप करा, माझी ना न्हाय. पण मग तो इंजिन वाचवायचा मॅप झाला, पळवायचा न्हवं. गिऱ्हाइकाला काय सांगून विकताय त्यावर हाय सगळं. आन पायपा, सील इथेनॉलनं मऊ पडतात, त्याला कुठला मॅप लावणार?

कृष्णाकाठ_सांगली

मी पुराच्या वेळी बोट घेऊन बाहेर पडणाऱ्यांपैकी. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी 45. त्या पाण्यात गल्लीबोळातून बोट काढताना वेगाचा काही उपयोग नसतो. लागतो तो खालचा जोर. भरलेली बोट प्रवाहाविरुद्ध धरून ठेवायची, मागे घ्यायची, जिन्याला लावायची. तिथं कमी पिचचा, चार पात्यांचा पंखा. वेग थोडा जातो, पण पाणी धरतो आणि हळू वेगात बोट हाताला येते.

म्हणून धागाकर्त्याला अर्धा पाठिंबा. 15 ठीक, पण दहा माणसं रोजची असतील तर तीन पात्यांचा का? चार पात्यांचा बघा.

उरलेला अर्धा विरोध यासाठी की या सगळ्या चर्चेत एकानंही इम्पेलर हा शब्द काढला नाही. पाण्याच्या पंपातलं ते रबरी चक्र, किंमत पंख्यापुढं किरकोळ. गढूळ पाण्यानं, वाळूनं ते झिजतं. इंजिनाच्या मागून पडणारी पाण्याची धार बारीक झाली आणि तुम्ही फुल थ्रॉटलवर असाल, तर पंधराचा काय आणि एकोणीसचा काय. सेकंडहँड इंजिन घेतलंय ना? मग पहिला खर्च तो.

दुसरं, वजन. ब्रह्मनाळला त्याच पुरात माणसांनी भरलेली नाव उलटली, माणसं गेली. जोर वाढला की माणसं वाढवायचा मोह होतो. इंजिन ओढतंय म्हणून बोट तेवढी माणसं पेलते असं नसतं. प्लेटवर एचपीशेजारी माणसांचा आकडाही असतो, तो तुम्ही लिहिला नाहीत.

शिवसागरकाठ

प्लेटवर दहाच आहेत, चालवणारा धरून. जॅकेट सगळ्यांना.

इम्पेलरचं मान्य, घेताना बदललाय. चार पात्यांबद्दल माझा आक्षेप आहे. तोच जोर, तीच पिच आणि एक पातं जास्त, म्हणजे आरपीएम अजून पडणार. पिच आणखी उतरवावी लागेल. इथं 15 ते 20 किलोमीटरचा पल्ला असतो, वासोट्याला जाणारे लोक सकाळी घाईत असतात. मला मधल्या वेगात पेट्रोल वाचवणारा पाहिजे.

आकड्यानं सांगतो, ज्यांना तपासायचंय त्यांच्यासाठी. आरपीएम गुणिले पिच, त्याला गिअर रेशो गुणिले 1056 नं भागायचं, ताशी मैल मिळतात. माझा गिअर रेशो 1.92. आज: 4600 गुणिले 19, म्हणजे 43 मैल, म्हणजे 69 किमी. प्रत्यक्षात 52. पंचवीस टक्के घसरा (स्लिप, पंखा पाण्यात घसरून वाया जाणारा वेग). हलक्या व्ही-तळाच्या बोटीला 10 ते 15 टक्के चालतो, भरलेल्या बोटीला थोडा जास्त. 15 च्या पंख्यानं 5400 मिळाले तर कागदावर 64 किमी. घसरा 17 टक्क्यांवर आला तर 53. वरचा वेग जवळपास तोच, आणि इंजिन त्याच्या पट्ट्यात.

जावळीकर

वाचतोय मघापासून. पंचवीस टक्के घसऱ्याचा दोष सगळा पंख्यावर टाकताय, हे पटत नाही. इंजिन खोल बसलं असेल, तळाला शेवाळ असेल, फोममध्ये पाणी मुरलं असेल. सेकंडहँड बोटीत फोम पाणी पितो आणि कुणाला कळत नाही. रिकामी बोट वजनकाट्यावर घ्या, मग पंख्याला शिव्या द्या.

इंजिन एक भोक वर घ्या, हे मात्र सोळा आणे खरं, आणि फुकट आहे. भोकांतलं अंतर पाऊण इंच. पंख्यावरची ती आडवी प्लेट बोटीच्या तळाच्या रेषेत किंवा किंचित वर असावी. खाली असली की नुसता गिअरबॉक्स पाण्यात ओढत न्यायचा. फार वर घेतली तर वळणावर पंखा हवा खातो आणि कूलिंगला पाणी कमी पडतं, म्हणून प्रत्येक वेळी धार बघायची. त्यासाठी जॅक प्लेट (इंजिन वर-खाली करायचा ब्रॅकेट) घेऊ नका, कुणी विकायला आला तरी.

स्पीडगुरू_सातारा

आणि स्टेनलेस स्टीलचा पंखा? त्यावर कुणीच बोलेना. अ‍ॅल्युमिनियमची पाती जोरात वाकतात, पिच टिकत नाही. स्टीलची पातळ आणि ताठ. खरी सुधारणा तीच. पन्नास हजारांत बसते.

जावळीकर

तुम्ही मे महिन्यात शिवसागरावर आलाय का हो? पाणी उतरलं की जुन्या गावांचे चौथरे, बांध, झाडांची खोडं वर येतात. थोडं पाणी असलं की दिसत नाहीत, फक्त लागतात. अ‍ॅल्युमिनियमचं पातं वाकतं किंवा तुटतं, धक्का तिथंच जिरतो. स्टीलचं वाकत नाही, धक्का हबमधून शाफ्टला आणि गिअरला. हबमधलं रबर थोडा धक्का घेतं, सगळा नाही. पंखा वाचवला आणि खालचा गिअरबॉक्स गेला, तर धागाकर्त्याचं बजेट दुसऱ्या धाग्यावर न्यावं लागेल.

किंमतही तिप्पट-चौपट. एका स्टीलच्या पैशात दोन अ‍ॅल्युमिनियमचे येतात आणि पैसे उरतात.

आता मुद्द्याचं बोलतो, राग मानू नका. 150 लागतंच कशाला? तुमची मोठी लाट तापोळ्याच्या धक्क्याला बांधलेल्या छोट्या होड्या आपटते. तराफ्यावर गाडी चढत असते तेव्हा तुम्ही शेजारून उडवत जाता. वासोट्याकडचा भाग अभयारण्याचा आहे. लाँच हळू जायची, लोक पोचायचे.

शिवसागरकाठ

काका, धक्क्याजवळ मी हळूच असतो. बाकीच्यांचं मी सांगू शकत नाही. लाँच हळू जायची हे खरं, पण कांदाटी खोऱ्यातलं पेशंट रात्री आणायचं असलं की सगळ्यांना वेगाची बोट आठवते.

स्टीलवर तुमच्याशी सहमत. ऑक्टोबर ते जानेवारी पाणी भरलेलं असताना स्टील चालेल, पण दोन सेट ठेवायची माझी ऐपत नाही.

स्पीडगुरू_सातारा

चला, हायड्रोफॉइल तरी लावा. प्लेटवर बोल्टनं बसणारे पंख, स्वस्तात नाक खाली आणतात. मागे माणसं बसलेली असताना फरक लगेच दिसतो.

वाळव्याचा_फिटर

फरक दिसतोय, खरं हाय. हळू वेगात बोट लवकर उचलती. पण इंजिनाची उंची आन माणसांची बैठक चुकलेली असली की लोक फॉइल लावून ती झाकतात. दोन जाड माणसं म्होरं बसवा, फुकटात त्येच काम. त्यातनं जमलं न्हाय तर मग फॉइल. प्लेटला भोकं पाडण्याआधी इच्यार करा, ती परत बुजत न्हाईत.

कृष्णाकाठ_सांगली

अजून एक, रिमॅपवाल्यांसाठी. 2021 च्या इनलँड व्हेसल्स अ‍ॅक्टमध्ये यांत्रिक बोटीला नोंदणी, सर्वेक्षण आणि विमा आहे. कागदावर 150 आणि आत भलतंच असेल तर अपघातानंतर विमावाला पहिला प्रश्न तोच विचारणार. पंखा बदलला म्हणून कुणी विचारत नाही.

स्पीडगुरू_सातारा

विम्याचा मुद्दा मानला. तांत्रिक मुद्दा नाही मानला. 15 लावून 5400 आले नाहीत तर माझ्याकडं या, निदान कॉम्प्रेशन आणि इंजेक्टर तपासून देतो. ते रिमॅप नाही, घाबरू नका.

वाळव्याचा_फिटर

हे मात्र पैलं करायला पायजे होतं. चारी सिलिंडरचं कॉम्प्रेशन सारखं हाय का बघा. एक पडलं असंल तर पंखा कितीचाबी लावा.

धोम_बोटवाला

सगळं वाचलं. माझी बोट हलकी, चार माणसं, इंजिन तेच 150. तो 19 चा पंखा विकणार का? किंमत बोला.

शिवसागरकाठ

धोम धरण कोयनेपेक्षाही उंचावर आहे, चार माणसांनाही 19 जड जाईल कदाचित. तुमचा आजचा पंखा कितीचा आणि फुल थ्रॉटलला आरपीएम किती येतात ते आधी लिहा. आणि सध्या विकत नाही. 15 चा आला की हा स्पेअर म्हणून बोटीतच राहणार, मे महिना आहे पुढं.

धोम_बोटवाला

17 चा आहे, 5700 येतात.

जावळीकर

मग तुमचं बरोबर चाललंय, हात लावू नका.